मुक्त प्रकल्पाचा गट जुना होतो तेव्हा काय करायचं

ज्यांच्या हातात एखादा मुक्त प्रकल्प, म्हणजे कोणीही भर घालावी आणि कोणीही वापरावं असं काम, आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मराठी विकिपीडियावर मिळून लेख लिहिणारे, ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून भरायच्या नकाशावर आपल्या गावच्या गल्ल्या भरणारे, सॉफ्टवेअरचं मराठीकरण करणारे, विकिस्रोतावर जुन्या पुस्तकांची पानं तपासणारे. मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्या वाचनकक्षात रविवारी सकाळी अशी मंडळी बसतात. विकिपीडिया आणि नकाशा ही आमची मुख्य कामं. वर्धा, अमरावती, चंद्रपूरहून नवे गट काढणाऱ्या मुलामुलींचे फोन येतात आणि जवळपास सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, सुरुवात कशी करायची? सुरुवात जमते. गट अडतात ते पुढे, चौथ्या-पाचव्या वर्षी, आणि त्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

माझं सांगणं थोडक्यात असं. असा गट काहीतरी उभं करायला जमतो. काम मोठं झालं की त्याच गटाला ते सांभाळावं लागतं. उभारताना नवे हात हवेहवेसे वाटतात, सांभाळताना त्याच नव्या हातांची धास्ती वाटू लागते. हे कोणाच्या खोडसाळ स्वभावामुळे होत नाही. कामाचा पसारा वाढला की होतंच. म्हणूनच ते आधी ओळखता येतं आणि वेळेवर ओळखलं तर हातात काहीतरी असतं.

आधी गटाचं वय काढा

वय म्हणजे वर्षं नव्हेत. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ ला सुरू झाला. पहिली काही वर्षं माणसं नुसती लोटत होती. २००७ च्या सुमाराला नियमित संपादन करणाऱ्यांची संख्या सर्वाधिक झाली आणि मग ती उतरत गेली. संशोधक आरोन हाफाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्याचा शोध घेतला. चांगल्या हेतूने येणारे नवे लोक तेव्हाही येतच होते, पण त्यांची पहिली संपादनं आधीपेक्षा जास्त वेळा उलटवली, म्हणजे पुसून पान आधीसारखं केलं, जात होती. पानं खराब करणाऱ्यांना आवरण्यासाठी जी अर्धस्वयंचलित साधनं आली होती, तीच साधनं चुकतमाकत शिकणाऱ्यालाही बाहेर ढकलत होती. सूचना यंत्राने दिलेल्या, भाषा कोरडी. शिवाय नियमांची पानं इतकी घट्ट झाली होती की त्यात बदल सुचवणं नव्या माणसाच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. पुढे २०१८ मध्ये ७४० वेगवेगळ्या विकींवर (कोणीही संपादन करू शकेल अशा संकेतस्थळांवर) हाच अभ्यास पुन्हा झाला, तेव्हाही साधारण हेच चित्र दिसलं. म्हणजे हा एकट्या विकिपीडियाचा आजार नव्हे.

आता तुमचं बघा. एक वही घ्या आणि मागच्या वर्षाचा इतिहास उघडा. विकीवर ‘अलीकडील बदल’ आणि प्रत्येक पानाचा ‘इतिहास’ असतो. नकाशावर प्रत्येकाचे बदलसंच (एका वेळी केलेले बदल) आणि त्यांवरच्या टिप्पण्या दिसतात. महिन्यामागे एक पान ठेवा. त्या महिन्यात पहिल्यांदा काम केलेली सगळी नावं लिहा आणि त्यांतलं कोण पुढच्या दोन महिन्यांत परत आलं त्यावर खूण करा. मग प्रत्येकाचं पहिलं काम उघडून पाहा. ते टिकलं का? उलटवलं असेल तर कोणी जिवंत माणसाने दोन ओळी लिहून कारण सांगितलं का, की नुसता साचा, म्हणजे तयार मजकूर, चिकटवला? शेवटी बघा की गटाची जुनी मंडळी लेखांत किंवा नकाशात जास्त दिसतात, की चर्चेच्या आणि नियमांच्या पानांवर.

एवढं केलं की पुरतं. नवे येतात, पण त्यांचं काम उलटतं आणि ते परत येत नाहीत, असं दिसलं तर तुमचा गट सांभाळणारा झाला आहे, मग त्याला दोनच वर्षं झालेली का असेनात. नवे येतच नसतील तर दुखणं वेगळं आहे, तुमचं काम बाहेर कोणाला दिसतच नाही.

वर्ष पूर्ण घ्या, हे मुद्दाम सांगते. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा असतात. मे महिन्यात ४५ अंशांचं ऊन पडलं की कूलर सोडून कोणी बाहेर पडत नाही. दिवाळीत निम्मी मुलं गावी जातात. ही घट ऋतूची, तिने घाबरू नका. जुलै-ऑगस्टमध्येही नवं कोणी टिकलं नाही तर मात्र बसून बोला.

मराठीसाठी एक फरक लक्षात ठेवा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. इंग्रजीत आला तसा माणसांचा पूर आपल्याकडे कधीच आला नाही. पण साचे, वर्ग, धोरणं हे सगळं प्रौढ सामान मात्र इंग्रजीतून उचलून आधीच आणलं गेलं. मोठ्या गटाला लागलेले नियम लहान गटाच्या खांद्यावर आले. नवा माणूस पहिला लेख लिहितो आणि त्याला संदर्भ, उल्लेखनीयता, माहितीचौकट, वर्गीकरण सगळं एकाच दिवशी सांगितलं जातं. तुमचा गट लहान असेल तर इंग्रजीतला नियम आहे म्हणून तो आणू नका. तुमच्याकडे ती अडचण आली तरच आणा.

पहिल्या वर्षांत फक्त दोन गोष्टी पक्क्या करा

पहिली गोष्ट परवाना, म्हणजे आपलं काम इतरांनी कोणत्या अटींवर वापरायचं ते. ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये निघाला. पुढे परवाना बदलायची गरज पडली, तेव्हा प्रत्येक योगदात्याची संमती मागावी लागली. ज्यांनी ती दिली नाही त्यांची माहिती २०१२ मध्ये नकाशातून काढावी लागली. एकेका माणसाने पायी फिरून भरलेले रस्ते होते ते. तेव्हा पहिल्याच बैठकीत ठरवा आणि पहिल्याच पानावर लिहा की इथे दिलेलं कोणत्या परवान्याखाली जाईल. फोटोंसाठीही लिहा.

दुसरी गोष्ट कामाचे तुकडे. कायद्याचे अभ्यासक योखाय बेंकलर यांनी २००२ मध्ये अशा निर्मितीची मांडणी केली तेव्हा त्यांचा भर यावरच होता, की काम लहान, सुट्या तुकड्यांत पाडता आलं पाहिजे आणि ते पुन्हा जोडणं स्वस्त पडलं पाहिजे. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमन काका येतात. ‘महाल आणि इतवारीचा नकाशा पूर्ण करा’ असं त्यांना सांगितलं असतं तर ते एक दिवस येऊन गेले असते. आम्ही त्यांना छापील नकाशा दिला आणि म्हटलं, ज्या गल्लीचं लोकांच्या तोंडातलं नाव तुम्हाला माहीत आहे तेवढंच पेन्सिलीने लिहा. माउस त्यांनी फार पुढे हातात धरला. काम अर्धं दिसू द्या. रिकामी जागा दिसली तरच कोणी ती भरायला बसतो.

बाकी काही ठरवू नका. पदं नकोत, समित्या नकोत.

नियमांचा गाळ

पूर्व विदर्भात ज्याला मामा तलाव म्हणतात ते माजी मालगुजारी तलाव तुम्ही पाहिले असतील. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, आपल्या जिल्ह्यातही काही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या मंडळींनी ते बांधले. तलाव बांधला की झालं असं नसतं. पाण्याबरोबर गाळ येतच राहतो आणि तो काढावा लागतो. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे आले आणि गावाने जमून गाळ काढायची रीत सुटत गेली. तलाव जागेवरच राहिले, त्यांत पाणी मावेनासं झालं. गटातले नियम तसेच साठतात. प्रत्येक नियम कोणत्या ना कोणत्या खऱ्या त्रासातून आलेला असतो, म्हणून कोणी तो काढत नाही.

उपाय म्हणून आम्ही प्रत्येक नियमाखाली दोन ओळी लिहितो. हा नियम कोणत्या प्रसंगामुळे झाला, आणि तो पुन्हा कधी तपासायचा. पावसाळ्याआधीची एक बैठक फक्त जुन्या नियमांसाठी ठेवतो. ज्या नियमाचा प्रसंग आता कोणालाच आठवत नाही आणि वर्षभरात जो कोणाला लागला नाही तो काढून टाकतो. गरज पडली तर परत करता येतो. या बैठकीला गेल्या सहा महिन्यांत आलेली किमान दोन माणसं हवीतच, कारण कुठला नियम आडवा येतो हे त्यांनाच टोचलेलं असतं. जुन्यांना सवय झालेली असते.

यात माझ्या मनातलं काही नाही, अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्याकडून घेतलं आहे. सामायिक कुरण शेवटी उजाडच होणार, असं पर्यावरणाचे अभ्यासक गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलं होतं. ऑस्ट्रॉमबाईंनी जगभरचे कालवे, कुरणं, जंगलं, मासेमारीची ठिकाणं तपासली आणि १९९० मध्ये दाखवून दिलं की कित्येक ठिकाणी लोक पिढ्यान्‌पिढ्या सामायिक संपत्ती नीट सांभाळत आले आहेत, आणि तिथल्या व्यवस्थांत काही गोष्टी सारख्या असतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांच्या सूत्रांपैकी तीन रोजच्या कामाची आहेत. ज्यांना नियम लागतो त्यांचा तो बदलण्यात हात हवा. चूक करणाऱ्याला शिक्षा पायरीपायरीने हवी. आणि भांडण मिटवायची जागा जवळ आणि स्वस्त हवी.

पायरीपायरीने म्हणजे कसं? पहिल्या चुकीला त्याच्या चर्चापानावर नाव घेऊन दोन ओळी लिहा, साचा नको. दुसऱ्या वेळी शक्य असेल तर फोन करा किंवा रविवारी शेजारी बसवा. उलटवणं त्यानंतर, आणि अडवणं (त्याला संपादनच करू न देणं) अगदी शेवटी. ‘मॅडम, मी लिहिलेलं काऊन काढलं?’ असं विचारायला एक पोरगी सीताबर्डीहून मेट्रोत बसून आली होती. ती विचारायला आली हेच पुष्कळ. बहुतेक जण विचारत नाहीत, सरळ गायब होतात.

आपल्या जवळचं उदाहरण बघायचं तर गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. साधारण १८०० हेक्टर जंगलावर २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा अभ्यास गट. विषय समजून घ्यायला अभ्यास गट बसतो, बाहेरच्या जाणकारांशी बोलतो, पण निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा. आम्ही हीच वाटणी घेतली. ज्यांना एखाद्या विषयाचं जास्त कळतं ते आधी बसतात आणि मुद्दे चावडीवर (सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर) मांडतात. ठरवतात सगळे. कौल घेण्याआधी निदान एक रविवार मधे जाऊ देतो. जाणकाराने त्याच बैठकीत निर्णयही उरकला की नवे लोक तोंड उघडत नाहीत.

ऑस्ट्रॉमबाईंच्या कुरणात आणि आपल्या कामात एक भेद आहे. गवत चरून संपतं, लेख वाचून संपत नाही. आपल्याकडे संपतो तो सांभाळणाऱ्यांचा वेळ. त्यामुळे राखण करायची ती माणसांच्या तासांची.

किल्ल्या कोणाकडे आहेत ते लिहून काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण गट इथे बंद पडतो आणि बाहेरून ते कळतही नाही.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्ये राजकीय पक्षांबद्दल लिहिलं होतं की लोकशाही संघटनाही शेवटी मूठभरांच्या हातात जाते. आरोन शॉ आणि बेंजामिन माको हिल या संशोधकांनी ६८३ विकी तपासले, तेव्हा तिथेही हेच आढळलं. विकी वाढतो तसे नवे प्रचालक (पानं पुसण्याचे, माणसांना अडवण्याचे अधिकार असलेले) होण्याचं प्रमाण घटतं, आणि जुने प्रचालक आपल्या अधिकारात नव्यांचं काम जास्त उलटवू लागतात. खुलं दार ठेवलं की आपोआप लोकशाही येते, ही समजूत सोडून द्या.

लहान भाषांत हे किती टोकाला जातं त्याची दोन उदाहरणं माझ्या मनातून जात नाहीत. क्रोएशियन विकिपीडिया साधारण दहा वर्षं काही मोजक्या प्रचालकांच्या कह्यात होता. त्यांनी इतिहासाचे लेख टोकाच्या उजव्या बाजूला वळवले आणि हरकत घेणाऱ्यांना अडवलं. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचा त्यावरचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर उलट झालं. ही भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने हजारो लेख लिहिले आणि २०२० पर्यंत त्याचा गाजावाजा झाला नाही, कारण बघणारं पुरेसं कोणी नव्हतं. एकीकडे पहारा फार कडक आणि चुकीच्या हातात, दुसरीकडे पहाराच नाही. दोन्हींचं मूळ एकच, माणसं कमी.

म्हणून एक कागद घ्या आणि प्रकल्पाच्या सगळ्या किल्ल्या लिहा. प्रचालकपद, डोमेनचं नाव, सर्व्हरचं बिल, ईमेल, समाजमाध्यमांची खाती, व्हॉट्सअ‍ॅप गटाची मालकी, बैठकीच्या खोलीची खरी किल्लीसुद्धा. प्रत्येकीसमोर दोन नावं हवीत. ओटीपी एकाच्याच मोबाइलवर येत असेल आणि तो माणूस नोकरीसाठी पुण्याला गेला, तर तुमचा प्रकल्पही त्याच्याबरोबर पुण्याला गेला.

मग मुदत घाला. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीचा प्रकल्पप्रमुख दर वर्षी निवडला जातो, मुदत एका वर्षाची. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे जनक गुइडो व्हान रॉसम जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णयाच्या पदावरून बाजूला झाले आणि पुढच्या वर्षी पाच जणांची निवडलेली समिती आली. एकाच कंपनीतले दोनपेक्षा जास्त लोक त्या समितीत असू शकत नाहीत. हा नियम आमच्या गटाने जसाच्या तसा उचलला, फक्त कंपनीच्या जागी महाविद्यालय घातलं. एकाच कॉलेजची पोरं सगळीकडे असली की बाकीच्यांना पाहुणं आल्यासारखं वाटतं.

दमलेल्या माणसाकडे लक्ष ठेवा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, जगभरच्या लिनक्स संगणकांवर फाइली लहान करायला वापरल्या जाणाऱ्या साधनात कोणीतरी चोरदरवाजा ठेवल्याचं उघड झालं. ते साधन सांभाळणारा मुख्य माणूस एकटा होता, थकला होता. ‘काम पुढे का सरकत नाही’ म्हणून त्याच्यावर दबाव येत होता. एकाने कित्येक महिने मदत करून त्याचा विश्वास मिळवला आणि मग दगा दिला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याने खोदून पाहिलं म्हणून ते सापडलं. यातून मी सगळ्यांवर संशय घ्यायला सांगत नाही. तुमच्या गटात कोणी ‘मी बघून घेतो’ असं सारखं म्हणत असेल तर त्याचं अर्धं काम लगेच दुसऱ्याकडे द्या. त्याला सुट्टी द्या आणि ती सुट्टी सगळ्यांना सांगा, म्हणजे त्या काळात कोणी त्याला विचारणार नाही.

लोंढा आला तर

माणसं कधीकधी एकदम येतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यानंतर ज्यांनी कधी नकाशा उघडला नव्हता ते लोक आमच्याकडे आले. नाले कुठून जातात, पाणी कुठे तुंबतं, हे त्यांना नोंदवायचं होतं. अशा वेळी एक माणूस फक्त स्वागताला बसवा. त्याने त्या दिवशी स्वतः एकही नोंद करू नये. आलेल्याचा मोहल्ला विचारायचा, त्याच्याच मोहल्ल्याचा तुकडा उघडून द्यायचा आणि पुढच्या रविवारसाठी एक छोटं काम हातात ठेवायचं. पुढचं काम ठरलेलं नसेल तर पाणी ओसरल्यावर माणसंही ओसरतात.

दुसरा लोंढा पगारी लोकांचा. नकाशावर मोठ्या कंपन्यांचे कर्मचारी आता पुष्कळ भर घालतात. ओपनस्ट्रीटमॅपने संघटित संपादनासाठी मार्गदर्शक सूचना केल्या आहेत. कोण आहात, काय करणार आहात, आधी जाहीर करा, असा त्यांचा गाभा. तुमच्याकडे एखादी संस्था किंवा महाविद्यालय एकगठ्ठा विद्यार्थी पाठवणार असेल तर हेच मागा, आणि तुमच्याकडे जितके तपासणारे आहेत तितकेच विद्यार्थी एका वेळी घ्या.

तिसरा लोंढा यंत्राचा. फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेच्या विकिपीडियात लाखो लेख आहेत आणि त्यांतले बहुतेक एका सांगकाम्याने (आपोआप लेख टाकणाऱ्या प्रोग्रामने) तयार केलेले. आकडा मोठा झाला, लिहिणारा समाज त्याने वाढला नाही. यांत्रिक भाषांतराने आज मराठीत कोणीही तासाभरात वीस लेख टाकू शकतो. माझं मत स्पष्ट आहे. टाकणाऱ्याने प्रत्येक वाक्य वाचून स्वतःच्या मराठीत बसवलं असेल तरच घ्या. नाहीतर लेख तसाच धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) राहू द्या. तपासणाऱ्याचा वेळ टाकणाऱ्याच्या वेळेपेक्षा जास्त लागत असेल, तर ती मदत नव्हे.

वेगळं व्हायची वेळ आली तर

होऊ द्या. २००२ मध्ये, जाहिराती येतील या धास्तीने स्पॅनिश विकिपीडियातले बरेच लोक बाहेर पडले आणि त्यांनी आपला वेगळा ज्ञानकोश काढला. विकिपीडियावर जाहिराती आल्या नाहीत. त्यांच्या जाण्याचाही त्यात वाटा होता, असं मला वाटतं. ओरॅकलने सन कंपनी घेतल्यावर ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरची बरीच मंडळी २०१० मध्ये निघाली आणि त्यांनी लिबरऑफिस उभं केलं. ते आज आपल्या कित्येकांच्या संगणकावर आहे. मुक्त परवान्याचा अर्थच हा की कामाची प्रत घेऊन जाता येते. नाव कोणाकडे राहील आणि जुन्या पानावरून नव्याकडे दुवा द्यायचा का, एवढं समोरासमोर बसून ठरवा. योगदात्यांची श्रेयनामावली दोन्हीकडे पूर्ण राहिली पाहिजे.

काम संपलं तर, किंवा तुम्ही निघालात तर

काही कामं खरोखर पूर्ण होतात. एखाद्या जुन्या कोशाची सगळी पानं टंकून, तपासून झाली की गट ओढूनताणून चालवू नका. सगळ्या माहितीची प्रत खुल्या स्वरूपात काढा, इंटरनेट अर्काइव्ह या खुल्या डिजिटल संग्रहात ठेवा, मुख्य पानावर ‘काम या तारखेला पूर्ण झालं, चुका इथे कळवा’ असं लिहा आणि चुका बघायला दोन माणसं नेमा.

काम चालू आहे पण तुम्ही निघालात, तर जाण्याच्या महिनाभर आधीपासून बैठक दुसऱ्याला चालवू द्या आणि तुम्ही मागच्या बाकावर बसा. हस्तांतराची एक फाइल करा. तिच्यात किल्ल्यांचा कागद, नियम आणि त्यांचे प्रसंग, वर्षभराची ती वही, अर्धवट कामं, आणि ज्यांच्याशी आपलं जमलं नाही त्यांच्याशी काय झालं ते, नावं न घेता, येईल असं बघा. फाइल दोघांकडे ठेवा. पासवर्ड तिच्यात लिहू नका. नवी मंडळी बसली की त्यांच्यासमोरच सगळे बदलून घ्या.